खालच्या बाईंचा हीटर

खालच्या बाई कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावायच्या. चहाच्या किटलीला, शेजारच्या तापलेल्या बाळाच्या कपाळाला, गाडीच्या बॉनेटला, सगळ्याला तोच उलटा हात. "तळहात कामं करून करून बथ्थड झालेला असतो. खरं काय ते मागच्या बाजूला कळतं," असं त्यांचं म्हणणं. आणि आपण काही तक्रार घेऊन गेलो की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हात लावून बघितलंस का?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आल्या आल्या इमारतीत सगळ्यांची होऊन जातात. लिफ्टचा माणूस त्यांना सलाम करतो, दूधवाला त्यांच्या दाराशी दोन मिनिटं जास्त थांबतो. आपण तिथे जन्म काढलेला असतो आणि आपल्याला कुणी विचारत नाही. अशा माणसांचा राग येतो की नाही? मला येतो.

आम्ही विद्यानगरचे जुने. तीन पिढ्या हैदराबादेत, त्यामुळे आमच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' असायचेच. बाई मूळच्या साताऱ्याच्या. नवरा फौजेत, सगळा संसार डोंगरातल्या थंड छावण्यांमध्ये झालेला, शेवटची बदली सिकंदराबादला. तो गेल्यावर त्यांनी आमच्या इमारतीत तळमजल्यावर घर घेतलं. मुलगी परदेशात. त्या, आणि त्यांची नवऱ्याच्या वेळची जुनी गाडी. ती गाडी त्या स्वतः चालवायच्या आणि बरीचशी स्वतःच दुरुस्त करायच्या. डोंगरात गाडी बंद पडली की मेकॅनिक कुठून येणार, म्हणून नवऱ्याने शिकवलं होतं म्हणे.

वरच्या मजल्यावर मी आणि आई. मी कॉलेजात शिकवते. लग्न केलं नाही, भाऊ दूर, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. आई तशी कमी बोलते, आणि बोलली तरी माझ्याशी कामापुरतं. भाजीत मीठ कमी आहे, पंखा बंद कर, गाडी हळू चालव. मला वाटायचं, तिचा स्वभावच तसा.

त्या हिवाळ्यात आईचा खांदा धरला. सिकंदराबादच्या दवाखान्याने रोज सकाळी सातचा व्यायाम लावून दिला. आता हैदराबादची थंडी ती काय थंडी, असं तुम्ही म्हणाल. पण ऐंशी पार केलेल्या बाईला डिसेंबरातली सकाळची हवा बाधते. ती शालीत गुरफटून माझ्या गाडीत बसली, मी हीटरचं बटण लालकडे फिरवलं, पंखा सुरू केला आणि समोरच्या फटींतून गार हवा यायला लागली. आईने पाय वर घेतले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी जिन्याच्या तळाशी बाई उभ्या होत्या.

"आजी, माझ्या गाडीत चला. बसल्या बसल्या ऊब येते," त्या म्हणाल्या.

आणि आई गेली. मला विचारलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्यानंतर रोज सकाळी मी गॅलरीत उभी राहून पाहायची. माझ्या गाडीत खिडकीवरची मूठ घट्ट धरून बसणारी माझी आई त्या गाडीत अशी बसायची, जणू शाळेच्या सहलीला निघाली आहे. काच वर जायच्या आत तिचं बोलणं सुरू झालेलं असायचं. एकदा तर ती हसताना दिसली, तोंडावर हात धरून. घरात ती अशी हसलेली मला आठवत नव्हती. खोटं कशाला सांगू, माझा जळफळाट व्हायचा. चहा गार व्हायचा आणि मी तिथेच.

एका संध्याकाळी बाई जिन्यात भेटल्या आणि सहज म्हणाल्या, "तुझ्या आईची सायकलची गंमत भारीच आहे गं."

"कुठली सायकल?"

"अगं, सुलतान बाजारात भावाची सायकल चोरून शिकल्या ना त्या. कापडाच्या दुकानात घुसल्या होत्या. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. आई सायकल चालवायची हे मला माहीत नव्हतं. मी "हौ, माहीत आहे की" म्हटलं आणि वर निघून आले. त्या रात्री मी आईशी धड बोलले नाही, आणि तिला ते कळलंही नाही, याचा आणखी राग आला.

तेव्हा मी ठरवलं, आपला हीटर दुरुस्त करायचा. मग आई कशाला जाईल त्यांच्याकडे? आणि गंमत बघा, यासाठी मी सल्ला मागायला गेले तो त्यांच्याकडेच. कारण हीटर या वस्तूबद्दल हैदराबादेत दुसऱ्या कुणाला काही माहीत असेल असं वाटत नव्हतं.

त्यांनी आधी स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून मला शिकवलं. इंजिनाचं गरम पाणी दोन पाइपांनी आत जातं-येतं, आत रेडिएटरसारखी एक छोटी जाळी असते, पंखा तिच्यावरून हवा ढकलतो, बस इतकंच. "इंजिन तापू दे, काटा मध्यावर येऊ दे, मग दोन्ही पाइपांना हात लाव. दोन्ही गरम असतील तर हवा वळवणारा आतला पडदा अडकला. एक गरम, एक गार असेल तर जाळी तुंबली. दोन्ही गार असतील तर पाणी पोचतच नाही." मी उलटा हात लावला. दोन्ही पाइप चटका देत होते. त्यांचा हीटर म्हणजे काय, अगदी खणखणीत.

मग माझी गाडी. मी स्टिअरिंगशी बसले, पुढे बॉनेट वर, त्यामुळे बाई मला दिसत नव्हत्या, फक्त त्यांचा पदर दिसत होता. बराच वेळ त्या वाकून होत्या. मग हात पुसत बाजूला आल्या आणि म्हणाल्या, "पाणी थोडं कमी आहे. भरून बघ."

भरलं. हवा गारच. त्या म्हणाल्या, आत हवा अडकली असेल, काढून घे. काढली. मग म्हणाल्या, थर्मोस्टॅट बदलून बघ, उघडाच राहत असेल. आमचा कोपऱ्यावरचा मेकॅनिक हसला. "हैदराबाद में हीटर कायकू मॅडम?" म्हणाला, पण सांगितलेला भाग बदलून दिला. काटा आता लवकर वर यायला लागला, हवा मात्र गारच. दरम्यान आई रोज सकाळी खाली, त्यांच्या गाडीत.

मला नवल वाटायचं. ही बाई दुसऱ्याच्या गाडीचा नुसता आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगते, आणि माझ्या हीटरलाच इतके दिवस?

संक्रांत जवळ आली. गच्चीवरून पतंग उडायला लागले होते. एका रविवारी मी एकटीच खाली गेले, इंजिन तापवलं, काटा मध्यावर आला तसं बॉनेट उघडून हात आत घातला. इंजिनाकडून येणारा पाइप गरम होता. मी त्याच्या मागे मागे हात नेला. तो जाळीकडे जातच नव्हता. अर्ध्यातून वळून पुन्हा इंजिनातच शिरत होता. आणि पलीकडे, जिथे पाइप जोडायचे, तिथे दोन नळ्या रिकाम्या, गार, धुळीने भरलेल्या. मी गाडी जुनी घेतलेली. आधीच्या मालकाची जाळी कधीतरी गळली असणार आणि कुणीतरी म्हटलं असणार, हीटर कायकू, पाइप वळवून टाका. आमच्या शहरात हे इतकं सरळ आहे की त्याला कुणी बिघाडही म्हणत नाही.

पण ज्या बाईने आयुष्य डोंगरात काढलं, तिला हे बॉनेट उघडल्याबरोबर दिसलं असणार. मला दिसलं, तर तिला नाही?

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन खाली गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते, खरं म्हणजे खुशीत गेले होते. बाई सापडल्या होत्या.

"ताई, तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं होतं ना?"

त्यांनी तिळगूळ हातात घेतला, तोंडात टाकला नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "दिसलं होतं."

"मग?"

"मग काय. सकाळी कुणीतरी माझी वाट बघत जिन्याशी उभं असतं. तुझा हीटर चालू झाला असता, तर ते संपलं असतं." मग म्हणाल्या, "तू रोज संध्याकाळी घरी येतेस, तर तुझी आई असते घरात. मला तुझा हेवा वाटतो गं. आल्यापासून वाटतो."

इतके दिवस गॅलरीत मी जळत होते, आणि खाली ही बाई माझ्यावर जळत होती. रागाच्या जागी मला आतून चक्क बरं वाटलं. कुणी हेवा करावा असं माझ्यापाशी काही आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्या मेकॅनिककडे उभ्या राहिल्या, नवी जाळी बसवून घेतली, पाइप जोडून घेतले. स्वतः उलटा हात लावून खात्री केली आणि किल्ली माझ्या हातात दिली. "जा, ने आईला."

नेलं. हवा कशी, भट्टीसारखी. मी मनात म्हणत होते, आता बोल, आता सांग सायकलचं. चौकात पोचेपर्यंत आई गप्प. मग म्हणाली, "बंद कर ते. उकडतंय."

"आई, तुला थंडी बाधते ना?"

"शाल आहे की," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "ती नाही आली?"

दुसऱ्या दिवसापासून बाई मागच्या सीटवर बसायला लागल्या. मीच बोलावलं, आणि बोलावतानाही कुढतच बोलावलं. आई पुढे माझ्या शेजारी, पण मान सगळी मागे. त्या दोघींचं चालायचं, मी ड्रायव्हर. खांदा बरा झाला, व्यायाम संपला, तरी दर गुरुवारी नुसतं फिरायला म्हणून सिकंदराबादची फेरी चुकली नाही. दोन हिवाळे असेच गेले.

गेल्या पावसाळ्यात बाईंना ताप आला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. आईने दवाखान्यात त्यांच्या कपाळाला हात लावला, उलटा. मुलगी आली, घर आवरलं, गाडी विकली. मी त्या दिवशी गॅलरीत उभी राहून ती गाडी जाताना पाहिली, आणि तिथे उभं राहायचं मला आता काही कारणच उरलं नाही.

दर गुरुवारी आम्ही अजून जातो. आईचं डोकं शाबूत आहे, मागे कुणी नाही हे तिला चांगलं माहीत आहे. तरी चौक ओलांडला की ती मान वळवते आणि बोलायला लागते. भाऊ, सायकल, सुलतान बाजारातलं ते कापडाचं दुकान, अंगावर पडलेला छिटाचा तागा. मला म्हणून तिने ते अजून सांगितलेलं नाही. मागच्या सीटला सांगते. मध्ये मध्ये ती थांबते, तेव्हा मी पुढे बघतच "हां, मग?" म्हणते, आणि ती पुढे सांगते.

थंडी पडली आहे. पण पंख्याच्या आवाजात तिचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून मी हीटर लावत नाही. आणि गाडी हळू चालवते.