चाक काढून ठेवलंय आणि ताईला नववा महिना आहे

सोलापूरकरांनो, अक्कलकोट रोडच्या बाजूला कोणी असाल तर हे नीट वाचा.

दाजींच्या गाडीचा पुढचा ब्रेक करकरत होता. दाजी चिंचोळीला शिफ्टवर गेले, म्हणून म्हणलं ब्रेक पॅड आपणच बदलू. व्हिडिओ लई बघितलेत. जॅक लावला, चाक काढलं, जुने पॅड काढले. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

नवीन पॅड बसवायचे सोडून माझं लक्ष मागच्या लाल दिव्याकडं गेलं. हा लागतो का नाही? ताईला म्हणलं, "जरा आत बसून ब्रेक दाब की."

ती पोट सांभाळत बसली आणि दाबला. पॅडच नव्हते, त्यामुळं पॅडला दाबणारा आतला पिस्टन सरळ बाहेर निसटला आणि सगळं ब्रेक ऑइल फरशीवर वाहिलं.

"दिवा लागला का रं?" ताईनं आतून विचारलं.

लागला होता.

मेकॅनिक फोनवर म्हणाला, "पॅड काढल्यावर ब्रेक दाबतंय व्हय कुणी? आता गाडी हलवू नको. सकाळी येतो."

दवाखान्याची पिशवी ताईनं कालच डिकीत ठेवलीय. आत्ता म्हणाली, "कंबर लई दुखायलीय." आमच्याकडं अंधार पडल्यावर रिक्षा मिळत नाही, ॲम्ब्युलन्सला वेळ लागतो. चाक बसवून नुसत्या हँडब्रेकवर हळूहळू नेता येईल, असं मनात येतंय, आणि त्याचीच भीती वाटायलीय.

दाजींना आता फोन लावतोय. ब्रेक कसा नीट करायचा ते सांगू नका. आज रात्री बोलावलं तर गाडी घेऊन कोण येईल, तेवढं सांगा.