हर्मिप्पसची पंगत

हर्मिप्पसला प्रथम पाहिलं तेव्हा आमचं निम्मं थुवतीरा गाव यानेच कापून काढलं असावं, अशी माझी खात्री झाली. बैलासारखी छाती आणि कोपरापर्यंत लालभडक हात. मी सरळ एका गाढवामागे लपलो. त्याने वाकून विचारलं, "दादा, ख्रिस्ताची मंडळी जमते ते घर कुठलं?"

तो लोकर रंगवायचा. माशी मारली तरी दिवसभर हळहळायचा.

रंगाऱ्यांच्या संघाची पंगत दरवर्षी अपोलोच्या देवळात बसे. तिथलं नैवेद्याचं मांस न खाणाऱ्याला संघ रंगाच्या कढईला हात लावू देत नसे आणि खाणाऱ्याला आमची मंडळी प्रभूची भाकर देत नसे.

"मी नुसता बसेन, खाणार नाही," हर्मिप्पस म्हणाला.

"कढईत उतरून कोरडा राहणार होय रे?" आमची वडीलधारी अम्मिया म्हणाली.

तरी तो गेला आणि वाट्याचं मांस त्याने गुपचूप अंगरख्यात कोंबलं. देवळाच्या दारात गावच्या कुत्र्यांनी त्याला घेरलं आणि ते मांस सर्वांसमोर बाहेर ओढलं. संघाने त्याला तिथेच काढून टाकलं.

रविवारी अम्मियाने त्याला वगळून भाकर पुढे दिली.

"आजी, त्याने खाल्लं नाही हो," मी म्हणालो.

"ठाऊक आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "पण उद्या सगळेच नुसते बसायला जातील."

हर्मिप्पस मान खाली घालून उभा होता.

पुढे तो सार्दीस शहरात गेला आणि कांदे विकू लागला; कांदेवाल्यांना ना संघ होता, ना पंगत.