आईने घासलेल्या बाटल्या

मेहकरजवळच्या आमच्या गावात गोड पाणी म्हणजे आमच्याच विहिरीचं, असं बाबा छाती फुगवून सांगायचे. मग एकदा शेजारच्या मक्यावर तणनाशक फवारलं, लगेच जोराचा पाऊस झाला आणि औषध विहिरीत उतरलं अशी आवई उठली. आठ दिवसांत गल्लीतल्या बायका यायच्या थांबल्या. बाबा कुणाशी धड बोलेनात.

मी पुण्यात ज्या यंत्रावर काम करते ते पाण्यातलं असलं औषध शोधतं. तोंडाळ तर मी आहेच. म्हटलं, "थांबा बाबा, मीच छडा लावते." प्रयोगशाळेतल्या कोऱ्या बाटल्या घेऊन गावी गेले, रात्री आईजवळ ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी पाणी भरून आणलं.

या यंत्रात पाणी बारीक सुईतून जातं. सुईला वीज दिलेली असते, टोकातून तुषार उडतात. थेंब सुकत जातो आणि त्याच्यावरची वीज आतल्या रेणूंना चिकटते. जो वीज घेतो तोच यंत्राला दिसतो. बाकीचे असून नसल्यासारखे.

पडद्यावर बघते तर काय, रेणूंच्या वजनाच्या पट्टीवर चव्वेचाळीस-चव्वेचाळीसच्या अंतरावर फणीच्या दातांसारखी शिखरं! साबण! धुण्याच्या पावडरीतली द्रव्यं सगळी वीज स्वतःच ओढून घेतात, मग तणनाशक असलं तरी दिसणार कसं? पाण्याची आधी वाफ करून मग वीज देणारी दुसरी पद्धतही लावली. थोडं सुधारलं, पण छातीठोक सांगावं असं नाही.

तणतणत आईला फोन लावला. "बाटल्यांना काय केलंस?"

"पावडर टाकून तीनदा घासल्या वं. साहेब लोकाईसमोर मेणचट बाटली कशी ठेवू?"

"अगं, कोऱ्या होत्या त्या! कुणी सांगितलं होतं तुला?" मी नको नको ते बोलले. ती एवढंच म्हणाली, "चुकलं माय." फोन ठेवल्यावर माझीच मला लाज वाटली. हात लावू नको, एवढं एक वाक्य मला सांगता आलं नव्हतं, आणि वर तिच्यावरच ओरडत होते.

नव्या बाटल्या पाठवल्या. बाबांनी स्वतः भरून ट्रॅव्हल्सच्या गाडीने परत धाडल्या. तणनाशकाचा मागमूस नव्हता. खात्रीसाठी त्याच पाण्यात मुद्दाम चिमूटभराहूनही कमी तणनाशक मिसळून पाहिलं, ते मात्र लगेच दिसलं. मी नाचायचीच बाकी होते.

"बाबा, पाणी चांगलं आहे! गल्लीत सांगा सगळ्यांना."

 बाबा म्हणाले, "गल्लीले सांगतो मी. पण बाई, आता येशीन तवा तू तं पेशीन ना?"

नमुना न्यायला गेले तेव्हा दोन दिवस मी स्टँडवर विकत घेतलेल्या बाटलीतलंच पाणी पीत होते, पिशवीत लपवून. बाबांनी ते पाहिलं होतं.

"पेईन, बाबा," म्हणाले, आणि मला रडूच आलं.