बुधवारी आलेली सिस्टर

आधीच सांगून ठेवते, मला या असल्या गोष्टींचा भारी कंटाळा आहे. तीसेक वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स होते. माझ्या हातांवर किती जन्मले, किती गेले... गेलेल्यांपैकी एकही परत येऊन मला हाक मारून गेला नाही. नव्या पोरी अंधारात घाबरायच्या, तेव्हा मी म्हणायची, "भूत दिसलं तर त्याला म्हणावं, आधी बेडपॅन उचल!" या सदरातले अनुभव भाचेसून मला वाचून दाखवते आणि मी नाक मुरडते. तिच्याच हट्टापायी हे सांगतेय. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

बासष्ट-त्रेसष्टचा हिवाळा असेल. पौष महिना. मी तेव्हा यवतमाळला होते. सोबतच्या दोघी रजेवर गेल्या आणि सलग अकरा दिवस माझ्या गळ्यात डबल ड्युटी पडली. घास हातात धरून झोप लागायची, इतकी मी थकले होते. शेवटी मेट्रनच म्हणाल्या, "शनिवार-रविवार इथं तोंड दाखवू नकोस."

घाटंजीला माझी मैत्रीण कमल मुलींच्या शाळेत शिकवायची. तिचं पत्र येऊन पडलं होतं — 'ये, अंगणात ऊन खात पड. तुरीच्या सोल्यांची आमटी करते. तुला कोणी उठवणार नाही.' त्या शेवटच्या वाक्यासाठी मी गेले. त्याआधी घाटंजीत माझं पाऊल पडलेलं नव्हतं, एवढं फक्त ध्यानात ठेवा.

दुपारी एकच्या सुमारास एस.टी.तून उतरले. स्टँडवरचा चहावाला किटली खाली ठेवून हसला.

"या सिस्टरबाई! तीनच दिवसांत वापस?"

म्हटलं, असेल बोलका. पुढे रस्त्याच्या कडेला बोरं विकत बसलेल्या म्हातारीनं मला थांबवलं आणि ओंजळभर बोरं माझ्या पदरात टाकली. "बुधवारी घाईत होत्या तुमी. आता तं घ्या!" पैसे द्यायला गेले तर हात झटकला. किती माणुसकीचं गाव, असं मनात आलं आणि थोडं हसूही आलं, की बिचारीची नजर अधू दिसते. डोकं चालवायची ताकद नव्हती हो... नाही तर तिथंच उभं राहून विचारलं असतं.

कमलकडे पोचले, अंगणातल्या बाजेवर आडवी झाले. पाठीला ऊन लागलं तसे डोळे मिटले. पाव तास झाला असेल-नसेल, फाटक वाजलं. मागच्या गल्लीतल्या भागाबाई. पन्नाशीच्या, काटक, लुगड्याचा ओचा खोचलेला. कमलच्या ओळखीच्या होत्या.

"चला बाई," त्या सरळ मलाच म्हणाल्या, "सुनेले पहाटपासून कळा लागल्या."

"मी?"

"तुमीच. बुधवारी नाई का म्हटलं, 'मी शनिवारी येते, घाबरू नका'? माह्या चुलीपाशी बसून चहा पेल्या न तुमी."

"बुधवारी मी यवतमाळला वॉर्डात होते. सकाळी सातपासून."

भागाबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "थकल्या तुमी," त्या मायेनं म्हणाल्या. "होते असं."

खरं सांगते, मला संताप आला. म्हणजे बघा, जरा पाठ टेकायला म्हणून यावं, तर माझ्याआधी मीच येऊन माझी ड्युटी लावून गेलेली! कमलकडे पाहिलं, तर ती बुधवारी दिवसभर शाळेत. तिला काहीच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "गावात सुईण असेल ना?"

"होती न. तुमी येतो म्हटलं म्हणून आमीनं तिले नाई सांगतलं. ते गेली मुकुटबनले, लेकीकडं." मग आवाज खाली आला. "पहिलं लेकरू मेलेलंच झालतं बाई. आता हे पण गेलं, तं पोरगी जगत नाई."

यवतमाळची गाडी आता थेट सकाळी. जवळ ना बॅग, ना कात्री. उठले, दुसरं काय करणार?

घर लहान, शेणानं सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर. मोठ्या गंजात पाणी उकळत होतं, जुनी धोतरं धुऊन उन्हात वाळवलेली, कोरं ब्लेड पुडीत. एवढ्यानं मी बिचकले नसते. पण खुंटीवर स्वच्छ फडक्यात नाळ बांधायचे दोरे होते. तीन पदर वळलेले, मिठाच्या पाण्यात उकळलेले, प्रत्येकाच्या एका टोकाला गाठ — ओल्या हातातून निसटू नये म्हणून. ही खोड मला ट्रेनिंगमधल्या म्हाताऱ्या बाईंनी लावलेली. दवाखान्यात माझ्याशिवाय कोणी ते करत नसे, बाकीच्या मला हसायच्या.

"हे कोणी शिकवलं?"

"तुमीनं," भागाबाई म्हणाल्या. माझा चेहरा पाहून त्या जवळ आल्या. "हे पाहा बाई, छप्पन साली आमीनं दीक्षा घेतली, घरातले देव नदीत देले. नाई तं आज म्हटलं असतं, देवीच आली तुमच्या रूपानं, अन् नारळ फोडून मोकळी झाली असती. आता आमच्यात ते नाई. म्हणून म्हणतो, तुमीच आलत्या."

मी देव कधीच सोडून बसले होते, त्यांनी सहा-सात वर्षांपूर्वी सोडलेले. त्या घरात हे कोणाच्या नावावर टाकावं, तर नावच उरलं नव्हतं. मी हात धुतले आणि आत गेले.

सून शेवंता, विशीची असेल. पहाटेपासून कळा देत होती आणि आता ताकद संपलेली. ओठ सुकलेले, हात गार. मूल खाली सरकलेलं होतं, पण ही जोरच करेना. मी दटावलं, गोंजारलं, पाठ चोळली. काही उपयोग होईना. एकदा का बाईनं मनातून सोडलं, की काय होतं ते मी वॉर्डात पाहिलेलं होतं.

"राहू द्या बाई... नाई होत आता."

"होतं. जोर कर."

तिनं डोळे उघडले. "बुधवारी आलत्या, त्या तुमीच न?"

पेशंटशी खोटं बोलू नये, हे मी नव्या पोरींना सांगायची. पण त्या डोळ्यांत दुसरं काही उरलंच नव्हतं हो.

"हो," मी म्हटलं. "मीच."

तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "मंग सांगा, माह्यं लेकरू तुमच्या मैनेवानी नाई नं जाणार?"

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला तिथून पळून जावंसं वाटलं. सोळाव्या वर्षी मला मुलगी झाली होती, सासरी, नेरजवळच्या खेड्यात. नऊ दिवसांची होऊन गेली. बारसं झालंच नाही. पुढे नवरा वारला, मी नर्सिंगला आले. मुलीचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, कमललासुद्धा नाही. आणि मैना हे नाव तर मी नुसतं मनात ठेवलेलं. ते जगात कोणी ऐकलेलंच नव्हतं.

"नाही जाणार," मी म्हटलं. आवाज कुठून आला कोण जाणे. "मी इथंच आहे. लाव जोर!"

आणि तिनं लावला. दिवेलागणीला पोरगी झाली. मानेभोवती नाळेचा वेढा, अंग निळं, आवाज नाही. वेढा सोडवला, तोंड साफ केलं, पाठ चोळली, तोंडाला तोंड लावून फुंकलं. भागाबाई कंदील धरून उभ्या, तोंडानं नुसतं "माय माय माय..." मी मोजत होते आणि मोजणंही चुकत होतं. मग ती कार्टी एकदम किंचाळली. मी तिथंच भुईवर बसून ढसाढसा रडले. आयुष्यात पेशंटसमोर पहिल्यांदा.

सगळं आवरल्यावर शेवंताच्या उशाशी बसले. पोरगी तिच्या कुशीत चुटूचुटू पीत होती. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं.

"शेवंता, मैनेचं मी तुला काय काय सांगितलं होतं गं?"

"भुलल्या का?" ती झोपेत हसली. "थंडीचे दिवस होते म्हणे. तुमी तीन रात्री जागल्या होत्या, मंग तुमचा डोळा लागला. उठल्या तं लेकरू थंडं. मी रडाले लागली, तं तुमीनं माह्ये डोळे पुसले. म्हटलं, 'रडू नको, माझी त्यात काही चूक नव्हती.'"

एवढं बोलून तिला झोप लागली.

सोमवारी मी ड्युटीचं रजिस्टर काढलं. बुधवारी दोन्ही पाळ्यांना माझी सही. मेट्रनना आठवत होतं, दोन पेशंटनासुद्धा आठवत होतं. कमलनं गावात सगळीकडे विचारलं. आणखी कोणी नर्स आलेली नव्हती. चहावाला, बोरंवाली, भागाबाई, तिघंही ठाम होते की मीच होते.

चेहऱ्याचं कोणी सांगेल, सारखी माणसं असतात. दोऱ्यांचंही कोणी जुळवून देईल. नावाचंसुद्धा... कदाचित मी झोपेत बरळत असेन, कोणी ऐकलं असेल. पण ते शेवटचं वाक्य माझं नाही. माझा डोळा लागला आणि माझी पोरगी गेली, एवढंच मला ठाऊक. माझी चूक नव्हती, हे साठ वर्षांत माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही. आज हे सांगताना पहिल्यांदा निघालं, आणि तेसुद्धा त्या बुधवारवालीचं म्हणून.