आ कर, जीभ वर

"आ कर. जीभ वर. वर मेल्या, वर!"

उजव्या हातात क्रिकेटचा स्टंप, डाव्या अंगठ्याने तीस वर्षांच्या मुलाची हनुवटी खाली दाबलेली, आणि टाचा उंचावून त्याच्या तोंडात डोकावणारी पाच फुटांची बाई. काकूंची माझी पहिली आठवण ही.

त्यांच्या आधी सिस्टरने तेच तोंड तपासलेलं असायचं. ब्राउन शुगर घेणाऱ्यांना आमच्या केंद्रात रोज एक गोळी मिळते. ती कुटून जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत दहा मिनिटं बाकावर गप्प बसायचं, मग तोंड उघडून दाखवायचं आणि सही करायची. पण काकूंच्या मुलाने, बाबल्याने, एकदा ती पूड चिंधीत थुंकून बाहेर विकली होती. तेव्हापासून सिस्टरनंतर दुसरी तपासणी काकूंची. तोंड रिकामं दिसलं की स्टंप त्याच्या पोटरीवर एकदा सपकन बसायचा. तो त्यांचा शिक्का.

मी समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला होते. फिल्डवर्कसाठी मला कांजूरमार्गचं हे केंद्र मिळालं होतं. माझे वडील मुलुंडला एका टॉवरवर वॉचमन आहेत, आई त्याच टॉवरमध्ये घरकाम करते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली. त्यामुळे पुस्तकात जे लिहिलंय ते खरं, आणि ते लोकांना सांगणं हे माझं काम, असं मला वाटायचं. सगळं नीट लिहिता येईल का माहीत नाही. प्रयत्न करते.

पहिल्याच दिवशी मी धीर करून म्हटलं, "काकू, मारू नका ना. व्यसन हा आजार आहे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आजार आसा ता माका म्हायत. ह्याका टायफॉइड झालो, तेव्हा पण औषध थुकल्यान म्हणून मी मारलंय. वाचलो ना?"

बाकावरचे सगळे हसले. बाबल्या सगळ्यात जास्त हसला.

तुम्हीही अशा बाया पाहिल्या असतील. हात आधी, बोलणं नंतर. मी वहीत लिहिलं, 'आई: आक्रमक.' ती वही अजून माझ्याकडे आहे. तो शब्द मी खोडलेला नाही. राहू दे.

स्टंपची गोष्ट मला मोरेदादांनी सांगितली. दादा स्वतः पूर्वी पावडर घ्यायचे, आता केंद्राच्या वतीने वस्तीत फिरतात. तीन वर्षांपूर्वी बाबल्याने गल्लीतला एक फोन चोरला. खरंच चोरला होता. पोरांनी त्याला विजेच्या खांबाला बांधलं. पट्टे निघाले, मग बॅट, मग स्टंप. नाकातून, कानातून रक्त येत होतं. काहीजण व्हिडिओ काढत होते. काकू नळावरून धावत आल्या. आता आई रडेल, पाया पडेल असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी एका पोराच्या हातातला स्टंप हिसकला आणि बाबल्याला स्वतःच मारायला सुरुवात केली. त्याच्यासमोर अशा उभ्या राहिल्या की दुसऱ्या कोणाचा हात पोचू नये. शिव्या देत, धापा टाकत मारत राहिल्या. शेवटी ज्यांनी बांधलं होतं तेच म्हणाले, "बस काकू, मरेल तो." गर्दी पांगली. काकूंनी दोरी सोडली.

मी एकदा त्यांना विचारलं, असं का केलंत?

"लोकांचो हात सुटलो की थांबणा नाय गो. माझो हात माका म्हायत."

त्यांचं डावं मनगट वाकडं होतं. नळावर पाय घसरला, असं त्या सांगायच्या. एकदा त्या पाणी प्यायला उठल्या तेव्हा बाबल्या हळूच म्हणाला, "तो हात मी मोडलाय. सिलिंडर विकायला नेत होतो, ती सोडेना." काकू परत आल्या. त्यांना कळलं असावं. "काय कुजबुजतंस? गोळी विरघळाक दी," म्हणाल्या.

आमच्या नोंदणीच्या फॉर्मात एक रकाना आहे. व्यसनाचे कारण. समोर पर्याय: मित्रांची संगत, कुतूहल, कौटुंबिक ताण, इतर. नवीन फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी बाबल्याला विचारलं. तो साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीन चालवायचा. बारा-बारा तास. एक दिवस दोन बोटांची टोकं मशीनखाली चेपली. सुट्टी मिळाली नाही. शेजारच्या मशीनवरच्याने पन्नीवर पावडर ओढायला शिकवलं. "दुखणं गेलं ना. मग बाकीचं पण सगळं गेलं," तो म्हणाला.

ह्याला कुठल्या पर्यायावर खूण करायची, मला कळेना.

काकूंना वाचता येत नव्हतं. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "हयसर काय लिवलासा?" मी सांगितलं. बाबल्या ऐकत नाही असं पाहून त्या म्हणाल्या, "लहानपणी मी त्याका लय मारलंय. त्याचो बापूस गिरणीतसून घरी बसलो, त्याचो राग पण मी ह्याच्यारच काढलंय. तेच्यामुळे तर नाय ना?"

पुस्तकात दोन्ही बाजूंनी लिहिलं होतं. मी रकाना कोरा ठेवला.

गोळीवर बाबल्या बरा होत होता. अंगावर मांस चढलं. साकीनाक्याच्याच दुसऱ्या वर्कशॉपमध्ये कामही मिळालं. पण ड्यूटी सकाळी आठची आणि आमचं केंद्र उघडायचं साडेनऊला. गोळी घरी न्यायची परवानगी नाही. तो रोज साडेअकराला कामावर पोचायचा. तिसऱ्या आठवड्यात सेठने काढून टाकलं. त्या दिवशी बाबल्याने केंद्राच्या भिंतीवर डोकं आपटलं, दोनदा, तिसऱ्यांदा काकूंनी मध्ये हात घातला. भिंतीवर डाग पडला. सिस्टरने तो फडक्याने पुसला आणि म्हणाली, "वेळ आमच्या हातात नाही रे. वरून ठरते."

बाहेर पडताना काकूंनी मला जिन्यात थांबवलं.

"गो चेडवा, तू शिकलंस. खरा सांग. ही गोळी म्हणजे काय?"

मला उत्तर येत होतं. त्याच आठवड्यात वाचलं होतं. मी म्हटलं, "तीही अफूच्याच जातीची असते काकू. पण..."

"म्हणजे एक सोडून दुसरी नशा?"

"तसं म्हणता येईल, पण..."

त्या 'पण'च्या पुढे बरंच होतं. तिने झिंग येत नाही, तडफड थांबते, माणूस कामावर जाऊ शकतो, घरी जेवू शकतो. पण मी शब्द शोधत राहिले आणि काकू जिना उतरून गेल्या.

तीन दिवस दोघं आले नाहीत. चौथ्या दिवशी मोरेदादा म्हणाले, "काकूंनी गाडी बोलावली."

ही गाडी वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. एक खाजगी व्यसनमुक्ती केंद्र ती पाठवतं. चार माणसं उतरतात, पोराला अंथरुणातून उचलतात, हात बांधतात, घेऊन जातात. घरच्यांनी अंगठा दिला की झालं.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. बाबल्याने नखांनी धरून ठेवलेली दाराची चौकट एका जागी सोललेली होती. काकू तांदूळ निवडत होत्या. वर पाहिलं नाही.

"गल्लीतले म्हणत होते, एकदाच काय ती तोडून टाका. आणि तूच म्हणालंस ना, ती पण नशाच."

मी 'पण'च्या पुढचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "आधी सांगूचा होता," म्हणाल्या. एवढंच.

काकूंनी त्या गाडीवाल्या केंद्रात फोन केला, तर तीन महिन्यांआधी सोडणार नाही म्हणाले. मग मी ते सांगितलं जे जास्त गरजेचं होतं. महिनोन् महिने पावडर बंद राहिली की अंगाची सवय जाते. बाहेर येऊन कोणी पूर्वीएवढीच ओढली, तर श्वास थांबतो. "तसं झालं तर झोपू देऊ नका. छातीच्या हाडावर मुठीने जोरात रगडा. तळव्यावर मारा. श्वास दिसला नाही तर नाक दाबून तोंडात फुंका. शेजाऱ्यांना अँब्युलन्सला फोन करायला लावा."

त्यांनी तांदळातून पहिल्यांदा मान वर केली. "मारूचा? तू सांगतस मारूक?"

"हो."

"दाखव."

मी चप्पल काढली आणि त्यांच्या स्टंपने माझ्याच तळव्यावर मारून दाखवलं. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. स्टंप घेऊन त्यांनी स्वतः एक मारला. मी ओरडले. "हां. असो," म्हणाल्या.

बाबल्या तीन महिन्यांनी आला. पाठीवर प्लास्टिकच्या पाइपचे वळ होते, काही जुने काळे, काही ताजे. एका घोट्याभोवती साखळीची गोल खूण. रात्री तो 'सर, सर' करत उठून उभा राहायचा. काकू दुसऱ्याच दिवशी स्टंप घेऊन त्या केंद्रावर गेल्या, दाराची काच फोडली आणि बाहेर आलेल्या माणसाच्या गुडघ्यावर मारला. "माझ्या झिलाक मारूचा तर मी मारीन! तू कोण?" त्या लोकांनी पोलीस बोलावले नाहीत. पोलीस आले असते तर त्यांनी आत काय चालतं तेही पाहिलं असतं.

पाचव्या दिवशी दुपारी काकू रेशन घेऊन घरी आल्या, तर बाबल्या मोरीत पडलेला. ओठ निळे, घशातून घरघर. तेव्हा मी कॉलेजात होते. पुढचं मोरेदादांनी पाहिलं, बाकीचं गल्लीने सांगितलं.

काकूंनी त्याला पायांना धरून ओढत दारात आणलं आणि तळव्यांवर स्टंप चालवायला सुरुवात केली. "ऊठ मेल्या! श्वास घे!" चार फटके, मग वाकून तोंडात फुंकर, मग पुन्हा फटके. गल्ली गोळा झाली. एवढी वर्षं 'मारा काकू, मारल्याशिवाय सुधारायचा नाही' म्हणणारी हीच माणसं. आता ओरडायला लागली, "म्हातारी येडी झाली! मेलेल्याला मारते! बस काकू, बस!" दोघांनी त्यांचे दंड धरले. एकाने तेच वाकडं मनगट पिरगळून स्टंप काढून घेतला.

काकूंनी त्याच्या हाताचा चावा घेतला. रक्त येईपर्यंत. सुटल्या, बाबल्याच्या छातीशी बसल्या आणि मुठीने हाड रगडायला लागल्या. तोंडात फुंकलं. कानाखाली मारली. पुन्हा फुंकलं. तेवढ्यात दादा पोचले, त्यांनी लोकांना मागे ढकललं आणि अँब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंतची वीसेक मिनिटं बाबल्या फक्त आईच्या श्वासावर होता. हॉस्पिटलमध्ये इंजेक्शन दिलं आणि तो उठून बसला. पहिलं वाक्य, "आई, पाय दुखतायत."

एका तळव्याचं हाड मोडलं होतं.

पंधरा दिवसांनी दोघं आमच्या जिन्यावर दिसले. तो कुबडीवर, त्या स्टंपवर. पुन्हा नवीन फॉर्म, पुन्हा तो रकाना. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ह्या वेळी मी म्हटलं, "काकू, तुमच्या मारामुळे झालं का, मला माहीत नाही. कोणालाच नक्की सांगता येणार नाही. तो वाचला मात्र तुमच्यामुळे."

"ता माका म्हायत," त्या म्हणाल्या. पण पदराने नाक पुसलं.

त्या महिन्यात वरून एक साहेब पाहणीला आले. काही अडचणी आहेत का, असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. काकूंनी स्टंप त्यांच्या टेबलावर ठेवला. "सायबानु, कामावर जाणाऱ्याक साडेनऊ म्हणजे दुपार. साडेसाताक उघडा. नायतर माझ्या झिलाक तुमीच नोकरी द्या." साहेब स्टंपकडे बघत 'हो, हो' म्हणाले. दोन महिन्यांनी केंद्राची वेळ साडेसात झाली. कागदावर कारण वेगळंच लिहिलंय.

बाबल्या पुन्हा कामाला लागला. फिल्डवर्क संपलं तरी मी सकाळी कॉलेजआधी जात राहिले.

गणपतीनंतर काकू नळावर हंडा उचलताना कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. ते तीन दिवस बाबल्या साडेसातला येऊन गोळी घेऊन जायचा. चौथ्या दिवशी पहाटे त्या गेल्याचं कळलं. त्या दिवशी साडेसातला तो आला नाही. नऊ वाजले. दहा. सिस्टरने त्याची गोळी अजून पाकिटात परत ठेवली नव्हती. मी काकूंच्या बाकावर दाराकडे बघत बसले होते. एकट्याने तो कुठे गेला असेल, हे आम्हा दोघींच्याही मनात येत होतं.

साडेअकराला तो आला. डोकं भादरलेलं, कपडे ओले, अंगाला धुराचा वास. सरळ स्मशानातून. गोळी घेतली, दहा मिनिटं गप्प बसला. सिस्टरने तोंड पाहिलं, सही घेतली.

मग तो वळला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला, गुडघ्यांत थोडा वाकला आणि आ केला.

मला कळायला क्षणभर लागलं. मी उठले. "जीभ वर," म्हटलं. "अजून वर." खाली काही नव्हतं. पण तो हलला नाही. एक पाय जरा पुढे करून थांबला. स्टंप नव्हता. मी कोणाला कधी मारलेलं नाही. हातातली वही त्याच्या पोटरीवर हळूच आपटली.

"जोरात," तो म्हणाला.

मी जोरात मारली.