हंसाच्या मानेतली चीर

गाओ दफू आणि त्याची बायको निंग ग्वेइलान यांचं ते भांडण शेजारच्या श्वे काकूंनी भिंतीआडून ऐकलं, म्हणजे सगळ्या गल्लीने ऐकलं. एकतीस वर्षं झाली त्या भांडणाला. काकू तेव्हा कोबी खारवत होत्या. भांडण संपेपर्यंत एकाच थराला त्यांनी तीनदा मीठ चोळलं.

"हार्बिनची बर्फाची जत्रा माझ्या छिन्नीवर उभी आहे," दफू म्हणाला.

"आणि बर्फाच्या लाद्या एकमेकींना कशाने धरून बसल्यात? तुझ्या थुंकीने?"

"सांध्यात पाणी काय, कुणीही ओततं."

ग्वेइलानचं मागणं एवढंच होतं, की जत्रेत मूर्तीपुढे कारागिराची जी पाटी लागते, तिच्यावर दफूच्या खाली तिचंही नाव यावं.

"पाणकिणींची नावं लावायला लागलो," दफू म्हणाला, "तर पाटी मूर्तीपेक्षा मोठी होईल."

पाटीवर तिचं नाव आलं नाही. पण ती दर हिवाळ्यात नदीला पाडलेल्या भोकातून बादली भरून, गोधडीत गुंडाळून आणत राहिली. पाणी जरा गरम असलं की लादी तडकते, म्हणून आधी बोट बुडवून बघायची. दफू तेवढ्या वेळात बघ्यांना स्फूर्ती म्हणजे काय ते समजावायचा. स्फूर्ती त्याला दरवर्षी हंसाचीच यायची. पहिल्या दहा वर्षांतले हंस तर बदकांनी आपले म्हणून घरी नेले असते.

मग एका जानेवारीत सकाळी सहाला दफू धावत घरी आला. भुवयांवर हिम, तोंड पांढरं.

"ग्वेइलान, मानेला चीर गेली!"

"तुझ्या?"

"हंसाच्या! नऊला परीक्षक येतायत."

"थर्मासातलं चहाचं पाणी ओतलंस ना?"

"चोच तेवढी बसवायची होती. थोडंसंच."

"हो का? पाणी कुणीही ओततं म्हणे." ती उठली, पायमोजे चढवले आणि दारातच थांबली. "आधी पाटीवर नाव."

"आत्ता? रंग गोठलाय गं!"

"मग काखेत धर."

लाल रंगाची डबी काखेत धरून दफू तिच्यामागून जत्रेच्या मैदानावर गेला. तिचं नाव लिहिलं, पण मुंगीएवढं.

"मला दोन इयत्ता झाल्यात," ती म्हणाली. "वाचण्यासारखं लिही."

त्याने पुसून मोठं लिहिलं. तेव्हा कुठे तिने भुसभुशीत हिम नदीच्या पाण्यात कणकेसारखं मळलं, चिरेत दाबलं, वरून बारीक धार सोडली आणि उघड्या हाताने मान धरून उभी राहिली. हात निळा पडला. दफू मात्र दहा वेळा विचारत होता, "धरलं का?"

नऊला परीक्षक आले, जाड कोटांत चालत्या गाद्यांसारखे. थोरले परीक्षक मानेजवळ वाकले. "ही तिरपी रेघ! काय धाडस आहे!" बाकीच्यांनाही लगेच धाडस दिसलं. दुसरं बक्षीस मिळालं.

"पाटीवर हे दुसरं नाव कुणाचं?" थोरल्यांनी विचारलं.

दफूने छाती फुगवली, बायकोकडे पाहिलं, छाती खाली घेतली. "पाणी तिचं," तो म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण.

प्रमाणपत्र आधीच छापलेलं होतं, एकाच नावाची जागा सोडून. ते दफूने घरात टांगलं. पाटी मात्र जत्रेत राहिली. श्वे काकू जन्मात पहिल्यांदा तिकीट काढून ती बघायला गेल्या आणि अक्षर वाकडं आहे म्हणून गल्लीभर सांगत सुटल्या.

पुढचा हिवाळा ग्वेइलानला दिसला नाही. उन्हाळ्यातच तिचं हृदय थांबलं. पण त्याआधी, त्याच जत्रेच्या शेवटच्या दिवशी, दुपारचं ऊन बर्फाला चावायला लागलं होतं तेव्हा, ती सकाळी सातला बादली घेऊन फाटकाशी हजर झाली होती.

पहारेकरी हसला. "काकू, दुपारी यंत्र येऊन सगळं पाडणार आहे!"

"दुपारी ना? मग सकाळभर लोक येतील की. पाटीवर नाव माझं, आणि हंस गळका?"

आदल्या दुपारी ठिबकून हंसाच्या पंखाला भेग पडली होती. तिने पाण्यात बोट बुडवलं, हिम मळलं, भेगेत भरलं, अंगठ्याने सारखं केलं. दोन पावलं मागे जाऊन बघितलं, पुन्हा पुढे येऊन एक कड दाबली. मग बादली गोधडीत गुंडाळली आणि टोफू संपायच्या आत बाजार गाठायला निघाली.