पलंगाखालचे डबे

अमरावतीत मी एमबीए करत होतो, विषय पुरवठा साखळी. आईचा डबा चांदूर बाजारहून रोज सकाळच्या एसटीने यायचा. कंडक्टरकाकांचं नाव मी कधी विचारलं नाही. गळ्यात तिकिटाचं मशीन आणि मांडीवर माझा डबा. झोपलेलं लेकरू द्यावं, तसा ते तो खिडकीतून अलगद द्यायचे.

एका सोमवारी डबा आला नाही. मंगळवारीही नाही. फोनवर आई नुसती ‘पाठवते रे’ म्हणायची. माल कुठे अडतो याची मी आकृतीच काढली. आई, रस्ता, एसटी, सगळ्यांवर बाण सोडले आणि बुधवारी ती काकांपुढे धरली.

त्यांनी चष्मा वर करून ती शांतपणे पाहिली. “बाबू, तुही माय रोज गाडीपाशी येते. रिकामे डबे आले काय, इचारते. घरातले सारे डबे तुह्यापाशीच हायेत. आता तिनं भाजी का ओंजळीत पाठवावी?”

खोलीवर पलंगाखाली पाच डबे निघाले, न घासलेले.

डब्याच्या या साखळीवर केलेल्या माझ्या प्रकल्पाला वर्गात सर्वांत जास्त मार्क मिळाले. साखळी कुठे तुटते, ते मी अचूक लिहिलं होतं: ग्राहकाच्या टोकाला. ग्राहकाचं नाव सरांनी विचारलं नाही.